खाटेशेजारचे ज्ञान : पुण्यातील अतिदक्षता परिचर्येची सव्वाशे वर्षे

१/ पुण्यातील वैद्यकीय सेवेचा इतिहास सहसा इमारतींच्या, देणगीदारांच्या आणि डॉक्टरांच्या नावांनी सांगितला जातो. ससून, के. ई. एम., जहांगीर, रुबी हॉल ही नावे पुणेकरांच्या तोंडी असतात. अतिदक्षता विभागाचा इतिहास सांगायची वेळ आली की यंत्रांची नावे पुढे येतात. या दोन्ही कथांमध्ये एक व्यक्ती सतत हजर असते आणि तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ती म्हणजे खाटेशेजारी उभी असलेली परिचारिका. तिला काय कळत होते, ते तिला कोणी शिकवले आणि कळलेल्या गोष्टीवर कृती करण्याचा अधिकार तिला केव्हा मिळाला, या तीन प्रश्नांचा हा मागोवा.

२/ आरंभ ससूनपासून. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथे १४४ रुग्णांची सोय होती. देणगीदार स्वतः १८६४ मध्येच पुण्यात निवर्तले होते. त्या काळी खातापिता माणूस घरीच आजारी पडे आणि घरीच बरा होई अथवा मरे. रुग्णालय हे निराधारांचे, सैनिकांचे आणि दुसरा उपाय न उरलेल्यांचे ठिकाण मानले जाई. रुग्णाचे अंग पुसणे, कूस बदलणे, पाणी पाजणे ही कामे नातेवाईक किंवा नोकरचाकर करीत. या कामांमागे काही शास्त्र असू शकते, ही कल्पनाच येथे नवी होती.

३/ ते शास्त्र लंडनमध्ये आकार घेत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. रुग्णालयांविषयीच्या १८६३ च्या ग्रंथात त्यांनी शस्त्रक्रियागृहालगतच्या एका लहान खोलीचा उल्लेख केला आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण सावरेपर्यंत त्याला तेथे ठेवले जाई. अत्यवस्थ रुग्ण एकत्र ठेवावेत आणि त्यांच्यावर अखंड नजर असावी, या कल्पनेचे हे एक जुने रूप. नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत, परंतु १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या पत्रव्यवहारात प्रश्न होते ते शेतकऱ्यांचे आणि गावांच्या आरोग्याचे. रुग्णाशेजारची शिकलेली परिचारिका पुण्यात यायला मात्र आणखी काही दशके जावी लागली.

४/ मध्ये आला प्लेग. १८९६ च्या अखेरीस मुंबईतून पुण्यात शिरलेल्या या साथीवर त्या वेळी खात्रीचे औषध नव्हते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला माळावर रुग्णांसाठी दवाखाना थाटला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या लहान मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन या दवाखान्यात आणले. पुढे त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

५/ या घटनेकडे त्यागाची गाथा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्यातील दुसरी बाजूही पाहावी. औषध नसलेल्या आजारात रुग्णाला उचलून आणणे, पाणी देणे, स्वच्छ ठेवणे आणि त्याच्या जवळ थांबणे हाच उपचार असतो. म्हणजे परिचर्या ही उपचाराची दासी नसून अनेकदा तीच उपचार असते. मात्र समाजाने त्यातून धडा घेतला तो त्यागाचा. सेवा करणारीने स्वतःला झिजवावे, ही अपेक्षा रुजली. तिला शिकवावे, तिच्या संरक्षणाची तजवीज करावी, हा विचार मागे पडला.

६/ शिकवण्याचा प्रयत्न मुंबईत सुरू झाला होता. जे. जे. रुग्णालयात परिचारिकांच्या प्रशिक्षणाची शाळा निघाली आणि १८९१ मध्ये काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय विद्यार्थिनी तेथे दाखल झाल्या, अशी नोंद परिचर्येच्या इतिहासात आढळते. परंतु वाट सोपी नव्हती. परक्या पुरुषाच्या शरीराला स्पर्श, रक्त आणि मलमूत्राचा विटाळ, रात्रपाळी, वसतिगृहातील वास्तव्य या साऱ्यांमुळे उच्चवर्णीय घरांतून या पेशाला तीव्र विरोध होता. त्यामुळे प्रारंभीच्या काळात हे काम प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती स्त्रियांनीच सांभाळले.

७/ पुण्यात ही कोंडी फोडण्याचे श्रेय रमाबाई रानडे यांच्याकडे जाते. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये निवर्तले. त्यानंतर रमाबाईंनी सार्वजनिक कामाला वाहून घेतले आणि २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन स्थापन झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर या कामात त्यांच्यासोबत होते. सेवासदनाने केवळ शिवणकाम आणि साक्षरतेवर समाधान मानले नाही. ससून रुग्णालयाच्या सहकार्याने स्त्रियांना परिचारिका आणि सुईण म्हणून तयार करण्याचे काम संस्थेने हाती घेतले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना त्यातून उपजीविका मिळणार होती आणि शहराला शिकलेल्या परिचारिका.

८/ त्या काळचे वातावरण कसे होते, हे रमाबाईंच्या चरित्रात सांगितल्या जाणाऱ्या एका प्रसंगावरून कळते. सेवासदनाच्या वार्षिक समारंभात केशवपन झालेली, लाल आलवणातील एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा सज्जातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी तिची टर उडवली. रमाबाईंनी समारोपाच्या भाषणात त्या तरुणांना खडे बोल सुनावले आणि त्यांच्या सुशिक्षितपणावरच प्रश्नचिन्ह उभे केले. शिकलेले कोणाला म्हणायचे, हा प्रश्न त्या दिवशी पुण्यात जाहीरपणे विचारला गेला. परिचारिकेच्या बाबतीत तो पुढील शंभर वर्षे पुनःपुन्हा विचारला जाणार होता.

९/ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाचे चित्र काय होते? भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार साऱ्या देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे सरासरी ४३,००० लोकांमागे एक. समितीने ठेवलेले उद्दिष्ट होते ५०० लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली आणि देशभरातील प्रशिक्षणाला समान मापदंड मिळण्याची सोय झाली. परंतु अत्यवस्थ प्रौढ रुग्णाची परिचर्या हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे अजून जगातच कोणी मांडले नव्हते.

१०/ ते घडले एका साथीमुळे. १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओने थैमान घातले. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. २७ ऑगस्ट रोजी ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छिद्र पाडून घेऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिचा श्वास चालू ठेवला. मुलगी वाचली. मग पिशवी दाबण्यासाठी सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्यांनी रुग्णांच्या उशाशी बसले, परिचारिका त्यांच्या जोडीला होत्या. ८७ टक्क्यांच्या घरातील मृत्युदर साथीच्या अखेरीस २५ टक्क्यांच्या आसपास आला.

११/ या घटनेतून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली, फुफ्फुसांचे काम बाहेरून दीर्घकाळ चालवता येते. दुसरी, त्यासाठी रुग्णाच्या उशाशी अहोरात्र एक जाणते माणूस लागते. १९५३ च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनमध्ये जो विभाग उघडला, तो जगातील पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो. योगायोग असा की १९५२ मध्येच पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. विषाणू ओळखण्याची विद्या पुण्यात त्या वर्षी रुजली. विषाणूने श्वास हिरावलेल्या माणसाला सांभाळण्याची विद्या रुजायला अजून अवकाश होता.

१२/ पुढचे वळण हृदयविकाराने दिले. छातीवर बाहेरून दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचे तंत्र १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. विजेच्या धक्क्याने हृदयाचा बिघडलेला ताल पूर्ववत करणेही शक्य झाले होते. १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे डॉ. ह्यूज डे यांनी हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र दक्षता विभाग उघडला. पण एक अडचण होती. हृदयाचा ताल सुटला की हाती मोजकी मिनिटे उरतात. डॉक्टरला बोलावणे धाडून तो येईपर्यंत मेंदू मरू लागतो. त्या मिनिटांत खाटेशेजारी असते ती परिचारिका.

१३/ फिलाडेल्फियाचे डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी यावर दिलेले उत्तर त्या काळी धाडसी होते. परिचारिकेने पडद्यावरील हृदयालेख स्वतः वाचावा, धोका स्वतः ओळखावा आणि डॉक्टरची वाट न पाहता विजेचा धक्का स्वतः द्यावा. त्यासाठी तिला रीतसर शिकवावे. १९६५ मध्ये त्यांचे परिचारिकांसाठीचे हृदयदक्षतेचे मार्गदर्शक पुस्तक आले. त्याच वर्षी कोलोराडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या संकल्पनेचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. १९६९ मध्ये अशा विभागांतील अमेरिकी परिचारिकांनी आपली संघटना बांधली. आधी ज्ञान, मग अधिकार आणि मग त्या अधिकाराला प्रमाणपत्र, असा हा क्रम होता.

१४/ भारतात पुण्याच्या वाट्याला यातील एक महत्त्वाचा टप्पा आला तो लष्करामुळे. लष्करी रुग्णालयांची परिचर्या व्यवस्था लावण्यासाठी प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी १८८८ मध्ये इंग्लंडहून मुंबईत उतरली होती. त्या परंपरेची पुढची कडी १९६४ मध्ये पुण्यात जोडली गेली. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात परिचर्या महाविद्यालय सुरू झाले. येथील विद्यार्थिनी पदवीधर होऊन लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून दाखल होऊ लागल्या. त्यांच्या खांद्यावर अधिकाऱ्याची निशाणी होती. ज्या शहरात काही दशकांपूर्वी शिकणाऱ्या विधवेची टर उडवली गेली, त्याच शहरात परिचारिकेला सलाम ठोकला जाऊ लागला.

१५/ नागरी रुग्णालयांत अतिदक्षता विभाग १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, आधी मुंबईत, दिसू लागले. डॉ. फारुख उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात धनुर्वाताच्या गंभीर रुग्णांवर केलेले काम या क्षेत्रात मूलभूत मानले जाते. धनुर्वाताचा रुग्ण आठवड्यानुआठवडे श्वसनयंत्रावर राहतो. अशा रुग्णाचे जगणे औषधाइतकेच परिचारिकेच्या हातावर अवलंबून असते. १९९३ मध्ये मुंबईत भारतीय अतिदक्षता वैद्यक संघटना स्थापन झाली. पुण्याचे डॉ. शिरीष प्रयाग, डॉ. कपिल झिरपे आणि डॉ. सुभल दीक्षित यांनी पुढे तिचे अध्यक्षपद भूषवले. डॉक्टरांच्या पदविकांबरोबरच या संघटनेने अतिदक्षता परिचारिकांसाठीही पदविका सुरू केली.

१६/ ही परिचारिका नेमके करते तरी काय? श्वसनयंत्रावरील एका प्रौढ रुग्णाची एक रात्र पाहावी. नाडी, रक्तदाब, प्राणवायूची पातळी, लघवीचे प्रमाण यांची तासागणिक नोंद. श्वासनलिकेतील स्राव वेळच्या वेळी ओढून काढणे. पोटातील द्रव फुफ्फुसात उतरू नये म्हणून उशाकडची बाजू ३० ते ४५ अंशांत उचललेली ठेवणे. तोंडाची स्वच्छता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा वेग थेंबाथेंबाने जुळवणे. दहा भोंगे वाजत असताना खरा धोका कोणता सांगतो आहे, हे ओळखणे. यातील प्रत्येक कृतीमागे शरीरक्रियाशास्त्र आणि औषधशास्त्र आहे. ते न शिकता ही कामे पाठ करता येतात, पण रुग्ण अचानक वेगळा वागू लागला की पाठांतर थिटे पडते.

१७/ म्हणून पदव्युत्तर शिक्षणाची गरज निर्माण झाली. भारतात परिचर्येची पहिली पदव्युत्तर पदवी १९५९ मध्ये दिल्लीत सुरू झाली. महाराष्ट्रात १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील परिचर्या महाविद्यालये एका छत्राखाली येऊ लागली. पुण्यात भारती विद्यापीठासारख्या अभिमत विद्यापीठांनीही एम.एस्सी. नर्सिंगचे वर्ग चालवले. या पदवीत प्रौढ रुग्णांच्या परिचर्येची शाखा ‘मेडिकल-सर्जिकल नर्सिंग’ या नावाने ओळखली जाते आणि अतिदक्षता परिचर्या ही तिची एक उपशाखा आहे. हृदय आणि छाती, मज्जासंस्था, कर्करोग, मूत्रपिंड या तिच्या भावंडशाखा.

१८/ परंतु येथे एक विचित्र कोडे निर्माण झाले. परिचारिका एम.एस्सी. झाली की तिच्यासमोर मुख्यतः दोनच वाटा उघडत. एक महाविद्यालयात शिकवण्याची, दुसरी प्रशासनाची. दोन्ही वाटा रुग्णाच्या खाटेपासून दूर नेणाऱ्या. तिसरी वाट परदेशाची. जिने अत्यवस्थ रुग्णाचा सर्वांत सखोल अभ्यास केला, तीच त्याच्यापासून सर्वांत लांब गेली. डॉक्टर पदव्युत्तर शिक्षण घेतो तेव्हा तो रुग्णाच्या अधिक जवळ येतो. परिचारिकेच्या बाबतीत व्यवस्थेने याच्या उलट मांडणी करून ठेवली होती.

१९/ २००९ मध्ये पुण्याला याची पहिली मोठी झळ बसली. स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. मृत मुलगी अवघी १४ वर्षांची, शाळेत शिकणारी होती. महापालिकेच्या नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या आणि फुफ्फुसे निकामी होत चाललेले तरुण रुग्ण ससूनसह शहरातील रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत दाखल झाले. कोपनहेगनचा धडा पुण्याने त्या पावसाळ्यात आपल्या अनुभवातून गिरवला. यंत्र श्वास देते, पण यंत्रावरचा माणूस जगवायला तीन पाळ्यांतली माणसे लागतात.

२०/ या कोड्याचे उत्तर भारतीय परिचर्या परिषदेने दोन पातळ्यांवर दिले. नोंदणीकृत परिचारिकांसाठी अतिदक्षता परिचर्येचा एक वर्षाचा विशेष अभ्यासक्रम होताच. त्याच्या पुढची पायरी म्हणून २०१६-१७ च्या सुमारास ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला गेला. बी.एस्सी. झालेली आणि रुग्णसेवेचा किमान एक वर्षाचा अनुभव असलेली परिचारिका त्याला पात्र ठरते. ‘निवासी’ हा शब्द येथे महत्त्वाचा. डॉक्टरांच्या पदव्युत्तर शिक्षणाप्रमाणेच येथेही वर्गापेक्षा रुग्णाशेजारचा वेळ कितीतरी अधिक. शारीरिक तपासणी, विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र यांचा प्रगत अभ्यास करून, डॉक्टरांशी समन्वयाने आणि मान्य कार्यपद्धतीच्या चौकटीत, स्वतः निर्णय घेऊ शकणारी परिचारिका घडवणे हा त्याचा हेतू. मेल्टझर आणि पिनिओ यांनी मांडलेला विचार अर्ध्या शतकानंतर भारतीय अभ्यासक्रमात उतरला.

२१/ हे रोप रुजते न रुजते तोच कसोटी आली. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण पुण्यात आढळले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. २३ ऑगस्टला शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांच्या जम्बो रुग्णालयाचे उद्घाटन झाले. त्यांतील सुमारे २०० खाटा अतिदक्षतेच्या होत्या. मांडव, खाटा, प्राणवायूच्या नळ्या आणि यंत्रे काही आठवड्यांत उभी राहिली. सुरुवातीच्या दिवसांतच मनुष्यबळ आणि व्यवस्थापन यांवरून तीव्र टीका झाली आणि रुग्णालय चालवणारी यंत्रणा बदलावी लागली.

२२/ टीकेच्या गदारोळात एक साधे गणित झाकले गेले. श्वसनयंत्रावरील प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका, हा सर्वमान्य दंडक आहे. २०० खाटा आणि तीन पाळ्या म्हणजे दिवसाला ६०० परिचारिका. साप्ताहिक सुटी, आजारपण आणि विलगीकरण धरले तर हा आकडा आणखी वाढतो. त्यातच कोविडच्या रुग्णाला पालथे झोपवावे लागे. नळ्या न हलवता एका बेशुद्ध प्रौढाला पालथे करायला चार-पाच जाणती माणसे लागतात. खाट आठवड्यांत विकत मिळते. पदवीची चार वर्षे, अनुभवाचे एक आणि विशेष शिक्षणाची दोन, अशी सात वर्षे लागणारी परिचारिका मागणी नोंदवून मिळत नाही.

२३/ शिक्षणाने खरोखर फरक पडतो का, असा प्रश्न संशयखोर माणूस विचारू शकतो. त्याचे उत्तर २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातील ९ देशांच्या ३०० रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. परिचारिकेवरील भार एका रुग्णाने वाढला की मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती सुमारे ७ टक्क्यांनी घटलेली दिसली. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव थेट सिद्ध होत नाही, पण संख्या आणि शिक्षण या दोन्हींचे वजन तो स्पष्टपणे दाखवतो.

२४/ आता शब्दांकडे पाहावे, कारण शब्दांत इतिहास साठलेला असतो. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही पदनामे रूढ झाली. रुग्ण मात्र ‘सिस्टर’ अशीच हाक मारतात. एका हाकेत मठवासिनींची परंपरा आहे, पदनामांत ‘सेविका’ आहे आणि ‘सेवासदन’ या नावातही तीच सेवा आहे. सेवेचा गौरव खराच. परंतु या साऱ्या शब्दांत ज्ञानाला जागा नाही. अतिदक्षता परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षण ती जागा मागते आहे.

२५/ २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला आणि १९४७ च्या कायद्याची जागा घेणारी नवी चौकट तयार झाली. चौकट बदलली, तरी पुढचे प्रश्न प्रत्येक रुग्णालयाच्या दारात उभे आहेत. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या परिचारिकेसाठी खाटेशेजारीच पद असणार का? त्या पदाला साजेसे वेतन असणार का? मध्यरात्री तिने घेतलेल्या योग्य निर्णयामागे संस्था उभी राहणार का? पदवी देऊन अधिकार न देणे म्हणजे पोहायला शिकवून काठावर बसवून ठेवणे होय.

२६/ १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णाजवळ जायला धैर्य लागत होते आणि ते सावित्रीबाईंकडे होते. १९०९ नंतर ससूनच्या कक्षात शिकायला जाण्यासाठी समाजाचा रोष पत्करावा लागत होता आणि सेवासदनाच्या स्त्रियांनी तो पत्करला. १९६४ मध्ये पदवी आली, पुढे पदव्युत्तर पदवी आली. प्रत्येक पिढीने आपला वाटा उचलला. आज पुण्यातील एखाद्या अतिदक्षता विभागात पहाटे तीन वाजता भोंगा वाजतो, तेव्हा पडद्याकडे पाहून काय करायचे हे ठरवणारी पहिली व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते. तिने ते अंदाजाने ठरवायचे की अभ्यासाने, हे तिच्या शिक्षणावर आणि तिला मिळालेल्या अधिकारावर ठरते.